उडी आधी, कॅमेरा नंतर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये गेल्या काही महिन्यांत एक विषय वारंवार येतो आहे : विमानातून उडी मारायची आणि ती कॅमेऱ्यात टिपायची. काही पत्रे नुकतेच स्कायडायव्हिंग शिकलेल्यांची आहेत, काही जुन्या छायाचित्रकारांची आहेत आणि एक पत्र एका आईचे आहे. मी स्वतः या छंदात बरीच वर्षे आहे. सुरुवातीला केवळ उड्या मारणारी म्हणून आणि नंतर इतरांच्या उड्या टिपणारी म्हणून. त्यामुळे या पत्रांना थोडी सविस्तर उत्तरे द्यावीत असे वाटले.

ताई, माझ्या आतापर्यंत ६० उड्या झाल्या आहेत. हेल्मेटवर छोटा ॲक्शन कॅमेरा लावण्याची माझी इच्छा आहे, पण प्रशिक्षक ठाम नकार देतात. कॅमेऱ्याचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम आहे. त्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे पाहायचे नाही, विमानात एकदा सुरू करायचा आणि विसरून जायचे. मग अडचण कसली?

तुमचे प्रशिक्षक बरोबर सांगत आहेत, आणि त्यांचा तुम्हाला राग येत असला तरी त्यांचे ऐकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची शिफारस अशी आहे की, ज्याच्याकडे ‘सी’ परवाना आहे त्यानेच कॅमेरा घेऊन उडी मारावी, आणि हा परवाना मिळण्यासाठी किमान २०० उड्या व्हाव्या लागतात. शिवाय, ज्या पॅराशूटसह कॅमेरा वापरायचा त्याच पॅराशूटवर अलीकडच्या काळात किमान ५० उड्या झालेल्या असाव्यात, असेही ही संस्था सुचवते. हे आकडे कोणाला अडवण्यासाठी ठरवलेले नाहीत. उंचीकडे लक्ष देणे, सोबत्यांपासून वेळेवर दूर जाणे, छत्री नीट उघडली की नाही ते पाहणे आणि नसेल उघडली तर विचार न करता पुढची कृती करणे, या गोष्टी हाडीमासी खिळायला तेवढ्या उड्या लागतात.

‘सुरू करायचा आणि विसरून जायचे’ असे तुम्ही लिहिले आहे. ते होत नाही. मी २०० उड्यांनंतरच कॅमेरा लावला, आणि तरीही कॅमेऱ्यासह मारलेल्या तिसऱ्याच उडीत माझ्या हातून जे घडले ते सांगते. विमानात हातमोजे घातलेल्या बोटाने बटण दाबले. इंजिनाच्या आवाजात कॅमेऱ्याची ‘बीप’ ऐकू आली नाही. दारातून बाहेर पडले, समोर माझा सोबती छान स्थिर होता, आणि माझ्या मनात एकच शंका घोळू लागली : चित्रण सुरू झाले आहे ना? ठरलेल्या उंचीवर, म्हणजे १,५०० मीटरवर, सोबती वळला आणि दूर जाऊ लागला. मीही तेव्हाच उलट दिशेने वळायला हवे होते, पण मी मान वळवून त्याच्याकडेच पाहत राहिले, कारण तो जाताना फार सुंदर दिसत होता. कानातला उंचीमापक दुसऱ्यांदा किंचाळला तेव्हा मी भानावर आले. १,२०० मीटरवर उघडायचे ठरवलेले पॅराशूट मी ९०० मीटरच्या आसपास उघडले. खाली आल्यावर पाहिले, तर कॅमेरा पहिल्यापासून सुरूच होता. आजही ते चित्रण माझ्याकडे आहे : सोबती फ्रेममधून लहान लहान होत जातो आणि फ्रेम त्याच्या मागोमाग चार-पाच सेकंद फिरत राहते. पोटावर पडताना माणसाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. एक चेहरा पाहण्यात मी अडीचशे मीटर आकाश घालवले होते.

राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्रावर भरवसा ठेवता येईल, असे कदाचित तुमच्या मनात येईल. १९९१ साली बाजारात आलेल्या सायप्रेससारख्या यंत्रांनी असंख्य जीव वाचवले आहेत, आणि मी त्याशिवाय उडी मारत नाही. तरीही त्याच्या अनुभवी उडीकरांसाठीच्या प्रकारात, सेकंदाला ३५ मीटरपेक्षा अधिक वेगाने पडणारा माणूस सुमारे २२५ मीटरवर पोहोचला तरच ते राखीव पॅराशूट उघडते. त्या क्षणी जमीन जेमतेम चार सेकंदांवर असते. ते यंत्र बेशुद्ध झालेल्या किंवा भान हरपलेल्या माणसासाठीचा शेवटचा आधार आहे. कॅमेऱ्यात गुंतलेल्या माणसाने त्याच्या भिस्तीवर उंचीचा हिशेब सोडू नये.

दुसरा मुद्दा वजनाचा. दीडशे ग्रॅम हे खरोखर फार नाही, पण धोका ग्रॅममध्ये नसून आकारात आहे. गुळगुळीत, गोल हेल्मेटवरून पॅराशूटची दोरी निसटून जाते. तिथे अंगठ्याएवढा उंचवटा असेल तर ती अडकू शकते. छत्री उघडताना शरीर किंचित वाकडे असले, पायलट शूट (मुख्य छत्रीला बाहेर ओढणारे छोटे पॅराशूट) हातातून जरा उशिरा सुटले किंवा उघडताना छत्रीला पीळ पडला, तर दोऱ्या मानेच्या आणि हेल्मेटच्या अगदी जवळून जातात. नवशिक्याचे शरीर उघडण्याच्या क्षणी वाकडे असण्याची शक्यता अनुभवी माणसापेक्षा पुष्कळ अधिक असते, हे तुम्ही तुमच्याच उड्या आठवून ठरवा. म्हणूनच पुढे कॅमेरा लावाल तेव्हा हेल्मेटचा बंध एका हाताच्या एका ओढीत सुटणारा असावा, कॅमेऱ्याची बैठक हेल्मेटला चिकटून आणि कडा झाकलेली असावी, आणि तो बंध सोडण्याचा सराव जमिनीवर डोळे मिटून, दोन्ही हातांनी, कंटाळा येईपर्यंत केलेला असावा.

मधल्या १४० उड्यांमध्ये करण्यासारखे खूप आहे. ज्यांना परवानगी आहे त्यांना तुमचे चित्रण करायला सांगा आणि ते शांतपणे पाहा. आपण समोरच्याच्या पातळीवर राहतो का, विनाकारण मागे घसरतो का, हात एका बाजूला अधिक वाकलेला असतो का, हे सगळे त्यात दिसते. उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात सराव करता आला तर अवश्य करा, कारण तिथली दहा मिनिटे वेळेच्या हिशेबाने दहा उड्यांच्या मुक्तपतनाएवढी (छत्री उघडण्यापूर्वीच्या पडण्याएवढी) असतात आणि उंचीची चिंता नसते. ज्याला समोरच्या माणसापासून दीड मीटरवर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत, काहीही न हलवता राहता येते, त्याच्या डोक्यावर कॅमेरा नुसता ठेवला तरी चित्र चांगले येते. ज्याला ते येत नाही, त्याला महागात महाग कॅमेराही ते मिळवून देऊ शकत नाही.

माझा मुलगा अनुभवी स्कायडायव्हर आहे आणि अलीकडे त्याला चित्रीकरणाचा ध्यास लागला आहे. सुट्टीच्या दिवशी तो पहाटे निघतो आणि रात्री येतो. विचारले तर म्हणतो, “आई, आज दोनच उड्या झाल्या.” दिवसभर तो तिथे करतो तरी काय? मला काळजी वाटते, आणि ती बोलून दाखवली की तो चिडतो.

आपले पत्र मी दोनदा वाचले. माझ्या आईनेही मला हाच प्रश्न विचारला होता आणि मीही चिडले होते, म्हणून उत्तर जरा मोकळेपणाने देते.

ड्रॉपझोनवरचा, म्हणजे उड्या मारण्याच्या मैदानावरचा दिवस हा बहुतांशी वाट पाहण्याचा दिवस असतो. सकाळी पोहोचल्यावर पहिली नजर जाते ती वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे आणि नंतर ढगांकडे. वारा ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल किंवा ढगांचा थर खाली उतरला असेल, तर विमान उडत नाही, आणि तो निवळेपर्यंत सगळे तिथेच बसून राहतात. हवा मोकळी झाली की आधी जमिनीवर तालीम होते : कोण कोणत्या क्रमाने बाहेर पडणार, कोण कुठे असणार, कोणत्या उंचीवर वेगळे व्हायचे, हे सगळे चालून, हातवारे करून पाठ केले जाते. मग विमान सुमारे ४,००० मीटरपर्यंत चढते, त्याला १५ ते २० मिनिटे लागतात. मुक्तपतन असते एक मिनिटाच्या आसपास, आणि छत्रीखालची पाच-सहा मिनिटे. त्यानंतर चित्रण पाहून चर्चा आणि मग पॅराशूट पुन्हा बांधणे.

हे बांधणे आपण एकदा जाऊन पाहावे असे मला मनापासून वाटते. दोऱ्या एकेक करून हातातून काढून तपासल्या जातात. निसरडे नायलॉन घडी घालून जमिनीवर ठेवले की ते फुगून पुन्हा पसरू लागते. मग त्याच्यावर पालथे पडून, छातीने आणि कोपरांनी दाबून, हळूहळू त्यातली हवा काढावी लागते. कपाळावरचा घाम कापडावर पडू नये म्हणून मधेच थांबून बाहीला पुसावा लागतो. ती गच्च झालेली घडी पिशवीत सरकवायची, गुडघ्याने दाबून धरायची, दोऱ्यांचे वेढे रबरांत एकसारखे ओवायचे. सराईत माणसालाही यात १५-२० मिनिटे जातात, आणि या वेळात कोणी त्याच्याशी गप्पा मारू नयेत असा संकेत आहे. आपला मुलगा दिवसभर जे करतो त्यातला सर्वांत गंभीर भाग हा आहे. चित्रीकरण करत असेल तर बॅटऱ्या चार्ज करणे, कार्डे रिकामी करणे आणि काचा पुसणे हे त्यात आणखी वाढते.

आपल्या काळजीसाठी एक उपाय सुचवते. रात्री त्याला त्या दिवसाच्या उडीचे पूर्ण, न कापलेले चित्रण दाखवायला सांगा, आणि फक्त एक गोष्ट मोजा. उंचीमापक मनगटावर असतो. तो पाहण्यासाठी हात डोळ्यांसमोर आला किंवा मान त्याच्याकडे वळली की हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यालाही ते दिसते. एका मिनिटात ते किती वेळा घडते, आणि विशेषतः शेवटच्या वीस सेकंदांत घडते का, एवढेच पाहा. वारंवार दिसत असेल तर तो कॅमेऱ्याच्या नादात उंची विसरत नाही, हे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. दिसत नसेल तर त्याला तसे सांगा. कारण ती तक्रार नेमकी असेल, आणि नेमक्या तक्रारीवर कोणताही चांगला उडीकर चिडत नाही.

मी वीस वर्षे जमिनीवर छायाचित्रण केले आहे आणि आता २५० उड्यांनंतर स्थिरचित्रांचा कॅमेरा हेल्मेटवर घेतला आहे. आकाश छान येते, पण चेहरे काळवंडतात, अर्ध्या चित्रांत फोकस चुकतो आणि मित्र फ्रेममध्ये मुंगीएवढे दिसतात. काय चुकते आहे?

तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन कॅमेऱ्याच्या आहेत आणि तिसरी तुमच्या उड्डाणाची.

चेहरे काळवंडतात, कारण तुमचा विषय पोटावर, म्हणजे चेहरा जमिनीकडे करून पडत असतो आणि सूर्य त्याच्या पाठीवर असतो. त्यातच मागे उजळ आकाश असले की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक ते आकाश सांभाळतो आणि माणसाला अंधारात ढकलतो. यावर पहिला उपाय म्हणजे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून ठेवणे. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे वेळ निवडणे : सकाळी आणि उतरत्या दुपारी किरणे तिरपी येतात आणि चेहऱ्यावर पोहोचतात, तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशा बाजूला जागा घ्या. विमानाची दिशा आणि सूर्याची जागा विमानात चढण्यापूर्वीच पाहून ठेवावी लागते. तिसरी गोष्ट मला फार आवडते. खाली पांढऱ्या ढगांचा विखुरलेला थर असेल, त्यांच्यामधून उतरण्याएवढी मोकळी जागा असेल आणि उडी मारण्यास परवानगी असेल, तर तो थर प्रचंड मोठ्या परावर्तकासारखे काम करतो. चेहऱ्यांवर खालून इतका मऊ उजेड येतो की स्टुडिओत तो मिळवायला बरीच खटपट करावी लागेल.

फोकसच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : स्वयंचलित फोकस बंद करा. निळ्या आकाशात त्याला पकडायला काही मिळत नाही आणि तो पुढेमागे भटकत राहतो. छोट्या सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी प्रकारच्या कॅमेऱ्यावर १५ मिलिमीटरचे भिंग एफ ८ या छिद्रमापावर ठेवून फोकस साधारण दीड मीटरवर लावला, तर पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. जमिनीवर तसा फोकस लावा, एक चाचणी चित्र घ्या, भिंगाची कडी चिकटपट्टीने पक्की करा आणि मग तिला हात लावू नका. शटरचा वेग मी सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या आसपास ठेवते. तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच वेगाने पडत असल्यामुळे एकमेकांच्या दृष्टीने फारसे हलत नसता, म्हणून त्याहून थोडा मंद वेगही चालतो. परंतु फडफडणारे कापड, वाऱ्याने थरथरणारे गाल आणि स्वतःच्या डोक्याचा कंप यांसाठी वेगवान शटर बरा. कळ दाबायला हात मोकळे नसतात, म्हणून जिभेने किंवा दातांनी चालणारा स्विच वापरतात. त्याची तार हेल्मेटच्या आतून न्या, बाहेर लोंबू देऊ नका.

आता मुंगीएवढ्या मित्रांविषयी. वर सांगितलेले भिंग त्याच कॅमेऱ्यावर दोन मीटर अंतरावरून सुमारे तीन मीटर रुंदीचा पट्टा पाहते, म्हणजे हात पसरलेला माणूस त्यात नीट भरतो. पाच मीटरवर गेलात तर पट्टा साडेसात मीटरचा होतो आणि त्यात माणूस हरवतो. जमिनीवरची सवय सांगते की लांब भिंग लावा, पण आकाशात लांब भिंगाची फ्रेम हेल्मेटवरून साधणे फार कठीण असते आणि विषय सतत कडेला कापला जातो. तेव्हा उपाय एकच : जवळ जाऊन तिथे टिकणे. त्यासाठी सुरुवातीच्या काही उड्यांत कळ दाबूच नका. ज्याच्या शरीराची ठेवण तुमच्यासारखी आहे अशा एका शांत, अनुभवी सोबत्याला सांगून केवळ अंतर राखण्याचा सराव करा. वीस वर्षांचा छायाचित्रकार असूनही हे तुम्हाला नव्याने शिकावे लागेल. पण चांगले चित्र कोणते हे तुम्हाला आधीच ठाऊक असल्यामुळे फळ इतरांपेक्षा लवकर मिळेल.

चित्रणाच्या मधेच बॅटरी बंद पडते आणि छत्रीखाली भिंगावर धुके धरते. काय करावे?

दर किलोमीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे ४,००० मीटरवर ती जमिनीपेक्षा सुमारे २६ अंशांनी थंड असते. बॅटरी थंडीत लवकर दम टाकते, म्हणून ती पूर्ण भरलेली असावी आणि चढताना कॅमेरा बंद असावा. गारठलेली काच खालच्या दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प धरणारच. ते आपोआप जाते, त्यासाठी छत्रीखाली हात वर नेऊन भिंग पुसत बसू नका. त्या वेळी दोन्ही हात आणि दोन्ही डोळे इतर छत्र्यांसाठी लागतात.

विमानात बसताना कॅमेऱ्याच्या गडबडीत काहीतरी महत्त्वाचे विसरेन अशी भीती वाटते. आपण कोणता क्रम पाळता?

ही भीती योग्य आहे आणि ती जाऊ देऊ नका. १९८८ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ८०० हून अधिक उड्या मारलेला एक माणूस इतरांचे चित्रण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला आणि त्याच्या पाठीवर पॅराशूट नव्हते. त्या काळी चित्रीकरणाचे सामान जड असे आणि तेही अंगावर बांधलेले असे. त्या ओझ्यामुळे पॅराशूट घातले आहे असा समज झाला असावा, असे तेव्हा मानले गेले. तो नवखा नव्हता. ज्या गोष्टी हात आपोआप करतात, त्या झाल्या आहेत असे मन गृहीत धरते, आणि मन दुसऱ्या कामात असेल तर हे गृहीतक तपासायला कोणी उरत नाही.

माझा क्रम असा आहे. कॅमेऱ्याचे सगळे काम मी पॅराशूट पाठीवर चढवण्याच्या आधी संपवते आणि हेल्मेट बाजूला ठेवते. मग पॅराशूट चढवते, छातीचा पट्टा आणि पायांचे पट्टे हाताने ओढून पाहते आणि तिन्ही हँडलांना नावे उच्चारत स्पर्श करते : मुख्य पॅराशूटचे, मुख्य तोडून टाकण्याचे आणि राखीव उघडण्याचे. नंतर सोबत्याला पाठ दाखवते, तो पॅराशूटची पिशवी बंद ठेवणाऱ्या पिना पाहतो. विमानात दार उघडण्याच्या काही मिनिटे आधी हा स्पर्श पुन्हा होतो, आणि त्यानंतरच मी कॅमेरा सुरू करते. सोबत्याने बोट वर करून कॅमेऱ्याचा दिवा लागल्याचे सांगितले तर ठीक. दिवा लागलेला नसेल आणि दार उघडण्याची वेळ झाली असेल, तर ती उडी चित्रणाविना होते. मी अशा कितीतरी उड्या मारल्या आहेत, त्यांतल्या काही माझ्या आठवणीतल्या सर्वांत सुंदर उड्या आहेत.

टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारलेली उडी) मारणाऱ्या पाहुण्यांचे चित्रण करण्याची इच्छा आहे. त्यासाठी काय तयारी हवी?

ही मोठी जबाबदारी आहे, कारण समोरच्या दोघांपैकी एकाला आपण कुठे आहोत याचीही कल्पना नसते. इथेही वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेची शिफारस कडक आहे : इतरांसोबतच्या किमान ३०० मुक्तपतनाच्या उड्या, आणि त्याखेरीज अनुभवी उडीकरांसोबत कॅमेरा घेऊन मारलेल्या ५० उड्या.

टँडम जोडी पाठीमागे एक छोटे पॅराशूट सोडून आपला वेग आवरून धरते, तरीही प्रत्येक जोडीचे वजन वेगळे असल्याने वेगही वेगळा असतो. म्हणून कॅमेरा धरणारे हात आणि कमर यांच्यामध्ये कापडी पंख असलेला पोशाख वापरतात; हात पसरले की वेग कमी, जवळ घेतले की अधिक. या पंखांसह आधी एकट्याने उड्या मारा, कारण पायलट शूट ओढताना त्या कापडात हात अडखळण्याची सवय मोडावी लागते. चित्रणाची जागा समोर आणि किंचित खाली अशी असते, कारण तिथून चेहरा दिसतो. दोन ठिकाणी मात्र कधीही असू नये : जोडीच्या थेट वर आणि जोडीच्या थेट खाली. वर असाल तर खालच्यांनी फाडलेल्या वाऱ्यात तुमचा आधार सुटतो आणि तुम्ही त्यांच्यावर आदळता, शिवाय त्यांची छत्री तुमच्याकडेच उघडत येते. खाली असाल तर तेच संकट उलटे होते. जोडीची छत्री उघडली की ती वर खेचली गेल्यासारखी दिसते, कारण तुम्ही पडतच असता. ते दृश्य दोन-तीन सेकंद टिपा आणि लगेच बाजूला निघून स्वतःचे पॅराशूट उघडा. पाहुण्याचा चेहरा त्या क्षणी कितीही बोलका असला तरी तुमची उंची त्याच्यासाठी थांबत नाही.

कॅमेरा लावल्यापासून उडीच्या दुसऱ्या दिवशी मान दुखते. हे स्वाभाविक आहे का?

अधूनमधून मान आखडणे समजण्यासारखे आहे. दर वेळी दुखणे नव्हे. छत्री उघडताना काही सेकंदांत ताशी २०० किलोमीटरचा वेग सायकलच्या वेगाएवढा होतो. त्या धक्क्यात शरीरावर चौपट भार आला, तर दोन किलोचे हेल्मेट आणि कॅमेरा आठ किलोंसारखे मानेवर येतात, आणि डोक्याचे स्वतःचे चार-पाच किलो वजन आहेच. म्हणून उघडताना क्षितिजाकडे पाहा. वर छत्रीकडे किंवा खाली पाहत असाल, तर नेमकी तिथेच मान मुरगळते. सामान शक्य तितके हलके करा आणि ते डोक्याच्या मध्यरेषेवर ठेवा, एका कानाच्या बाजूला नको. तुमची छत्री जोरात उघडत असेल तर बांधण्याची पद्धत रिगरला (पॅराशूट बांधणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा, कारण स्लायडर, म्हणजे छत्री उघडण्याचा वेग आवरणारा दोऱ्यांवरचा कापडी तुकडा, नीट न बसल्यानेही तसे होते. हातात मुंग्या येत असतील तर कॅमेरा उतरवून आधी डॉक्टरांकडे जा.

कार्ल बोएनिश यांचे नाव इथे आवर्जून घ्यावेसे वाटते. १९४१ साली जन्मलेले हे अभियंता मुक्तपतनातील चित्रीकरणाच्या आद्य कलावंतांपैकी एक होते. १९७८ साली अमेरिकेतील एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरून आधुनिक, चौकोनी पॅराशूटसह मारलेल्या उड्या त्यांनीच टिपल्या. त्यांच्या काळी कॅमेरे फिल्मच्या रिळांवर चालत. १६ मिलिमीटर फिल्मचे शंभर फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपते. त्यामुळे नेमके काय टिपायचे ते वर जाण्यापूर्वीच ठरवावे लागे. आज आपल्या मानेवर त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी भार आहे, तो आणखी कमी करण्याची संधी मिळाली की ती मी सोडत नाही.

मित्रांच्या उड्यांचे चित्रण मी सर्वांना पाहण्यासाठी टाकतो. एका मैत्रिणीने तिचे चित्रण काढून टाकायला सांगितले, कारण त्यात तिची चूक दिसते. मी नकार दिला, कारण इतरांना त्यातून शिकता येईल असे मला वाटते.

ते आजच काढून टाका. उडी तिची होती, चूक तिची होती आणि शरीरही तिचे होते. तुम्ही तिथे हजर होता एवढ्यावरून ती चूक जगासमोर ठेवण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. शिकण्यासाठी ते चित्रण नक्कीच मोलाचे असेल, तर ते तिला आणि तिच्या प्रशिक्षकाला पूर्ण, न कापता द्या. त्या दोघांनी शेजारी बसून ते थांबवत थांबवत पाहिले तर त्याचा खरा उपयोग होईल. यापुढे विमानात चढण्यापूर्वीच प्रत्येकाला विचारत जा की, हे चित्रण कोणी पाहिलेले चालेल. तिची क्षमा मागताना स्पष्टीकरण देऊ नका. ती पुन्हा तुमच्यासोबत उडी मारायला तयार झाली, तर त्या उडीला कॅमेरा जमिनीवर ठेवून जा.